खेळण्यांचं दुकान, ऑनलाइन खरेदी आणि मराठवाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावर आमचं खेळण्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर बसलं की रोज तेच प्रश्न कानावर येतात. काही गिऱ्हाइकांचे, काही शेजारच्या दुकानदारांचे, काही नवीन धंदा काढू पाहणाऱ्या पोरांचे. ते सगळे उत्तरांसह इथे एका जागी लिहिले आहेत. किमतींची उदाहरणं हिशोब समजावा म्हणून गोल आकड्यांत धरली आहेत.

अजून दहा वर्षांनी खेळण्यांची दुकानं राहतील का?

राहतील, पण आज आहेत तेवढी नाही. ज्या दुकानात माणूस कपाटातून डबा काढतो, किंमत सांगतो आणि गप्प बसतो, ते दुकान टिकणार नाही. डबा आणि किंमत मोबाइलवरही दिसते. जिथे डबा उघडून दाखवतात, सेल टाकून गाडी फरशीवर पळवून दाखवतात, "ताई, लेकरू दोन वर्षांचं आहे ना, मग हे नको, यातलं चाक निघतं आणि ते तोंडात घालेल" असं सांगतात, ते दुकान टिकेल. माझं हे ठाम मत आहे आणि खालच्या बऱ्याच उत्तरांत ते दिसेल.

"भैय्या, हीच गाडी ऑनलाइनला दोनशेनं कमी हाय की." तुम्ही जास्त नफा घेता का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, म्हणून नीट सांगतो.

आमच्याकडचा माल मुंबईहून, पुण्याच्या बोहरी आळीतून आणि हैदराबादच्या बेगम बाजारातून येतो. मराठवाड्याचा हैदराबादशी व्यापार निजामाच्या काळापासूनचा आहे आणि लातूर-नांदेडच्या दुकानदाराला आजही ती पेठ जवळची वाटते. कारखान्यातून निघालेली गाडी आधी वितरकाकडे, मग घाऊक व्यापाऱ्याकडे आणि मग आमच्याकडे येते. प्रत्येक हाताचे थोडे पैसे, वर ट्रान्सपोर्ट, हमाली आणि वाटेत चेपलेल्या डब्यांचं नुकसान. दुकानात आल्यावर भाडं, वीजबिल, पोराचा पगार. ऑनलाइन विकणारा मोठा व्यापारी थेट कारखान्यातून लॉट उचलतो, भिवंडीसारख्या ठिकाणी गोदामात ठेवतो आणि तिथूनच पाठवतो. त्याला रस्त्यावरचं दुकान लागत नाही. वर सणासुदीच्या सेलमध्ये मोठ्या कंपन्या सवलतीचा काही भार स्वतः उचलतात. पाचशे ते दोन हजारांच्या, नावाजलेल्या कंपनीच्या, डबाबंद खेळण्यांत आम्हाला त्यांचा भाव गाठता येत नाही. ते मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

पण तेवढ्यावरून सगळंच ऑनलाइन स्वस्त असतं असं धरू नका. तीस रुपयांचा साबणाच्या फुग्यांचा डबा, चाळीसचा चेंडू, वीसची भिंगरी या वस्तू एकेकट्या कुरियरने पाठवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून त्या तिथे तीन-चारच्या पाकिटात विकतात. तुम्हाला एकच हवी असते. दुसऱ्या टोकाला तीनचाकी सायकल, घसरगुंडी, बसून ढकलायची गाडी असा मोठा माल येतो. कुरियरवाले वजन दोन प्रकारे धरतात : एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. साठ बाय चाळीस बाय चाळीसचा खोका घ्या. गुणाकार ९६,०००, म्हणजे १९.२ किलो. आतलं खेळणं चार किलोचं असलं तरी पैसे एकोणीस किलोचे. असा माल ट्रकमधून एकावर एक रचून आणणाऱ्या दुकानाला स्वस्त पडतो, कुरियरला नाही.

आणखी एक. "छापील किंमत १,९९९, सत्तर टक्के सूट" असं लिहिलेलं बिनब्रँडचं खेळणं दिसलं की टक्केवारी विसरा आणि शेवटी खिशातून किती जातात ते बघा. तसलंच खेळणं पुष्कळदा आमच्याकडे साडेपाचशेलाच टांगलेलं असतं, फक्त आम्ही त्यावर खोडलेला आकडा लिहीत नाही.

दुकानात हाताळून बघायचं आणि ऑनलाइन मागवायचं, यात काही चूक आहे का?

कायद्याने काही चूक नाही आणि तुमचे पैसे वाचत असतील तर मी कोण अडवणार? मात्र हेही खरं की दाखवायला जो वेळ जातो, जे सेल खर्च होतात, जो डबा फोडला की त्याची किंमत उतरते, त्याचे पैसे दुकानाला विक्रीतूनच मिळतात. म्हणून माझी एक विनंती असते. फरक पन्नास-शंभराचा असेल तर आम्हाला एकदा विचारा. बऱ्याच वेळा मधला आकडा निघतो. फरक चारशेचा असेल तर खुशाल मागवा, पण खाली लिहिलेली आयएसआयची सुरक्षेची खूण तपासून घ्या.

अमेरिकेत 'टॉइज आर अस'सारखी खेळण्यांच्या दुकानांची एवढी मोठी साखळी बुडाली. ती ऑनलाइननेच मारली ना?

अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं प्रत्येक दुकानदाराने वाचावं असं आहे.

चार्ल्स लाझरस नावाच्या माणसाने १९४८ साली वॉशिंग्टनमध्ये लहान मुलांच्या फर्निचरचं दुकान काढलं. पाळणा एकदा घेतला की गिऱ्हाईक परत येत नाही, पण खेळणं मोडतं आणि परत घ्यावं लागतं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो खेळण्यांकडे वळला. तेच पुढे 'टॉइज आर अस' झालं. पुढे शहराबाहेर प्रचंड मोठी दुकानं, छतापर्यंत रचलेला माल आणि कमी भाव या जोरावर त्याने अमेरिकेतली गल्लोगल्लीची छोटी दुकानं मागे टाकली. म्हणजे अमेरिकेतलं छोटं दुकान मोडायला इंटरनेटच्या आधीच सुरुवात झाली होती.

मग १९९८ मध्ये वॉलमार्टने खेळण्यांच्या विक्रीत त्यांना मागे टाकलं. वॉलमार्ट किराणा, कपडे, सगळंच विकत असल्याने सणाच्या तोंडावर खेळणी पडत्या भावात देऊ शकायचं. २००० साली टॉइज आर असने अॅमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला आणि स्वतःची ऑनलाइन विक्री त्यांच्या हाती दिली. अॅमेझॉनने इतर विक्रेत्यांची खेळणीही ठेवायला सुरुवात केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये करार तुटला. ज्या काळात लोकांना ऑनलाइन खरेदीची सवय लागत होती, तेव्हा या कंपनीचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात उभं होतं.

सगळ्यात जड घाव मात्र कर्जाचा. २००५ मध्ये काही गुंतवणूक कंपन्यांनी मिळून टॉइज आर अस सुमारे ६.६ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि त्यासाठी काढलेलं बहुतेक कर्ज त्या दुकानांच्याच डोक्यावर ठेवलं. वर्षाला चाळीस कोटी डॉलरच्या आसपास नुसतं व्याज जायचं. दुकानं नीट करायला, कामावरच्या माणसांना शिकवायला, वेबसाइट सुधारायला पैसा उरेना. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं मोडीत काढायची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात लाझरस वारले. जूनअखेर शेवटची दुकानंही बंद झाली.

आता उरलेला भाग बघा. त्याच कंपनीची जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली दुकानं २०१८ सालीच 'स्मिथ्स' या आयर्लंडच्या घरगुती मालकीच्या कंपनीने घेतली आणि ती आपल्या नावाने चालवली. तिथेही लोकांच्या हातात मोबाइल होता, तिथेही अॅमेझॉन होतं. नवीन मालकाच्या हाताखाली दुकानं चालली, कारण जुन्या कर्जाचं ओझं त्यांच्यावर राहिलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो, ऑनलाइनने दुकानाला धाप लागते. पण ज्याच्या अंगावर आधीच व्याजाचा बोजा आहे आणि ज्याने दुकानाकडे बघणं सोडलंय, तो पडतो.

आपल्याकडे हा धडा फार जवळचा आहे. दिवाळीसाठी सावकाराकडून किंवा पतसंस्थेतून महाग पैसा उचलून माल भरायचा आणि तो अडकला की संक्रांतीपर्यंत व्याज भरत बसायचं, अशी दुकानं मी मराठवाड्यात बंद पडताना पाहिली आहेत. तिथे नाव ऑनलाइनचं होतं. खरं कारण वहीत लिहिलेलं होतं.

मोठं दुकान परत उभं राहिल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे. पुस्तकांच्या धंद्यातलं आहे, पण लागू पडतं. अमेरिकेतली 'बार्न्स अँड नोबल' ही पुस्तकांची साखळी घसरत चालली होती. २०१९ मध्ये तिची मालकी बदलली आणि जेम्स डॉन्ट यांच्याकडे सूत्रं आली. त्यांनी कुठली पुस्तकं दर्शनी ठेवायची हे मुख्य कार्यालयातून ठरवणं कमी केलं आणि तो अधिकार त्या-त्या गावच्या दुकानातल्या माणसांना दिला. त्यानंतर ही साखळी नवीन दुकानं उघडायला लागली. परभणीत काय खपतं हे परभणीच्या माणसालाच कळतं. ते मुंबईच्या गोदामातून ठरत नाही.

मॉलमधली मोठी खेळण्यांची दुकानं आम्हाला खाणार का?

माझ्या मते नाही. लंडनचं 'हॅम्लेज' हे १७६० सालचं दुकान २०१९ मध्ये रिलायन्सने विकत घेतलं आणि त्याच्या शाखा आपल्या शहरांत दिसतात. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, पैठण गेट भागातलं गिऱ्हाईक आणि मॉलमध्ये फिरायला जाणारं गिऱ्हाईक एकच असलं तरी दोन्हीकडे त्याचा हेतू वेगळा असतो.

खेळणं सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं? ऑनलाइन घेताना आणि दुकानात घेताना?

हे उत्तर घाईत वाचू नका. सरकारच्या खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. परदेशातून आलेल्या मालालाही ती लागते. साध्या खेळण्यांसाठी मानक आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४.

डब्यावर आयएसआयचं चिन्ह शोधा. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल' अशा अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसतं चिन्ह छापलेलं आणि खाली क्रमांक नसेल तर ती खूण धरू नका. क्रमांक असेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, 'बीआयएस केअर' या मोफत अॅपमध्ये टाका. परवाना कुठल्या कारखान्याचा आहे, चालू आहे की संपलाय, हे तिथे दिसतं. ऑनलाइन घेताना पानावरच्या फोटोंत डब्याची मागची बाजू असेल तर मोठी करून बघा. नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

दुकानदार म्हणून एक सांगतो, ही खूण नसलेला माल रस्त्यावरही विकला जातो, दुकानातही आणि ऑनलाइनही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने मॉल आणि विमानतळांवरच्या नावाजलेल्या दुकानांतूनसुद्धा खेळणी जप्त केली होती आणि ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बड्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. तेव्हा काचेचं दार आणि थंड हवा पाहून विश्वास ठेवू नका.

खुणेपलीकडे घरीही थोडं तपासा. बटणासारख्या चपट्या सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे ना? तो सेल लेकराने गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. गिळल्याचा संशय आला तरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. छोटी लोहचुंबकं एकापेक्षा जास्त पोटात गेली तर आतड्याच्या आरपार एकमेकांना चिकटतात. टेडीचे डोळे ओढून बघा. रंगाचा भपकारा येत असेल तर परत करा. आमच्याकडे ही चारही गोष्टी गल्ल्यावरच करून दाखवतो.

खेळण्यांवरचा जीएसटी कमी झाला म्हणतात. मग भाव उतरले का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या खेळण्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बाहुल्या, तीनचाकी, कॅरम, बुद्धिबळ, सापशिडी यांत आले. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवर १८ टक्के आहे तसाच आहे. त्यामुळे रिमोटच्या गाडीचा भाव का उतरला नाही, असा राग करू नका. कॅरमचा उतरायला हवा. दुकानदाराला तसं जरूर विचारा.

आयात शुल्काचीही गोष्ट यातच येते. फेब्रुवारी २०२० मध्ये ते २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. पूर्वी चिनी माल किलोवर विकल्यासारखा यायचा, तो आता तसा येत नाही. देशी माल वाढला, भाव थोडे चढले. मजबुती सुधारली, हे मी रोज डबे उघडून सांगतो.

एखाद्या वर्षी सोयाबीन गेलं. त्याचा खेळण्यांच्या दुकानाशी काय संबंध?

फार जवळचा. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचं माप झालं की त्याच दिवशी गोलाईत गर्दी दिसते. आडतीवरून पट्टी घेतलेला माणूस आधी खत-बियाण्याची जुनी बाकी देतो, मग कपडे आणि शेवटी लेकरासाठी काहीतरी. हे 'शेवटी' आमच्या वाट्याचं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या शेतात शिरल्या, पिकं माणसाच्या डोळ्यांदेखत कुजली. कर कमी झाला त्याच महिन्यात. त्या दिवाळीत कर सात टक्क्यांनी उतरल्याचं अप्रूप कुणाला असणार होतं?

औसा तालुक्यातले एक आजोबा तेव्हा नातीला घेऊन आले होते. तिने कपाटातल्या मोठ्या किचन सेटकडे बोट दाखवलं. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त धोतराच्या कनवटीला हात गेला आणि तिथेच थांबला. तो हात पाहून आम्ही खालच्या खणातला छोटा, भांड्यांचा सुटा संच काढला. पोळपाट, लाटणं, कढई, दोन ताटल्या. तिने तिथेच फरशीवर बसून पोळी लाटायला घेतली आणि मोठा डबा विसरली. माणसासमोर बसलेल्या दुकानदारालाच हे जमतं.

दुष्काळाचं तेच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या उन्हाळ्यात पिचकाऱ्या आणि पाण्याच्या बंदुका विकायला आम्हालाच नको वाटायचं. मराठवाड्यात खेळण्याचं दुकान चालवायचं तर पेपरात आधी हवामानाचं पान वाचावं लागतं.

आमच्या खेड्यात ऑनलाइन माल घरपोच येत नाही, मग आम्हाला दुकानच ना?

हे आता बदलतंय. पिनकोड तालुक्याचा असेल तर बहुतेक माल येतो, फक्त डिलिव्हरीवाला पोरगा फाट्यावर किंवा बसस्टँडवर बोलावतो आणि तुम्हाला तिथवर जावं लागतं. 'माल आल्यावर पैसे' ही सोय खेड्यात जास्त वापरली जाते, आणि माल आला तेव्हा घरात पैसे नसले की पार्सल परत जातं. असं वारंवार झालं तर काही विक्रेते त्या पिनकोडला ती सोय बंद करतात. घेणार नसाल तर आधीच रद्द करा, गावातल्या बाकीच्यांची सोय राहील.

तुमचा खरा स्पर्धक ऑनलाइन दुकान की मोबाइल?

मोबाइल. यात मला तिळमात्र शंका नाही. पूर्वी दहा-बारा वर्षांचं पोरगं बॅट, भोवरा, कॅरमच्या सोंगट्या मागायचं. आता त्या वयाचं पोरगं दुकानात आलं तरी मान वर करत नाही. खेळणी घेणाऱ्या लेकरांचं वयच खाली घसरलंय. आई-बाप सांगतात, "मोबाइल सोडवायचा हाय, काहीतरी द्या." अशा वेळी मी महागडं काही देत नाही. पत्ते, सापशिडी, लगोरी, रिंग असं दोघा-तिघांनी मिळून खेळायचं देतो आणि स्पष्ट सांगतो, पहिला आठवडा तुम्हाला सोबत बसावं लागेल. एकट्याला खेळणं देऊन मोबाइल सुटत नाही.

जत्रेतल्या खेळणीवाल्यांचं काय होणार?

मला त्यांची काळजी दुकानांपेक्षा कमी वाटते. लातूरची महाशिवरात्रीची सिद्धेश्वराची यात्रा, नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, परभणीचा फेब्रुवारीतला उरूस, संभाजीनगरची नवरात्रातली कर्णपुऱ्याची यात्रा, हिंगोलीचा दसरा. इथे लेकरू बापाच्या खांद्यावर बसून पिपाणी मागतं आणि ती त्या क्षणी त्याला मिळते. उद्या येणारं पार्सल तिथे कामाचं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला मातीचे बैल मांडून बसलेल्या कुंभारणीचंही तसंच. ते बैल कुरियरने आले तर शिंगं मोडून येतील.

जत्रेतल्या लोकांची अडचण वेगळी आहे : जागेचं भाडं, पाऊस आणि खुणेशिवायचा माल. शेवटच्या गोष्टीवर यात्रा समित्यांनी लक्ष घातलं तर लेकरांचं भलं होईल.

लाकडी खेळणी ठेवता का? ती कुठली?

ठेवतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची, सावंतवाडीची आणि तेलंगणातल्या निर्मळची. निर्मळ आपल्याला फार लांब नाही, नांदेडहून भोकर, भैंसा आणि पुढे निर्मळ. तिथली फळं, पक्षी, जनावरं पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची असतात. ती शोभेला जास्त चांगली, आपटायला नाही. दात येणाऱ्या लेकराला चन्नपट्टणचा खुळखुळा द्या. पांगुळगाडा मात्र इथल्याच सुताराकडून करून घेतो आणि त्याची विक्री कधीच थांबलेली नाही.

नोंदणीकृत कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे त्यांच्यावर ती खूण दिसली नाही तर घाबरू नका, पण कुणाकडून आणलं हे दुकानदाराला विचारा.

आम्हीही दुकानदार आहोत. आम्ही ऑनलाइन विकावं का?

विकून बघा, पण हिशोब कागदावर मांडून. ऑनलाइन कंपनीचं कमिशन, पाठवण्याचा खर्च, पॅकिंग आणि परत आलेला माल हे चारही वजा करा. आमच्या धंद्यात परत आलेला डबा फुटलेला असतो आणि खेळण्याचा अर्धा दर्जा डब्यात असतो. शिवाय वर लिहिलेला आकारमानाचा हिशोब विसरू नका.

माझ्या मते तालुक्याच्या दुकानाला व्हॉट्सअॅप जास्त उपयोगाचं आहे. नवीन माल आला की स्टेटसला फोटो, खाली किंमत. गिऱ्हाईक म्हणतं, "बाजूला ठेवा, संध्याकाळी येतो." यूपीआयने पैसे येतात, उदगीर-निलंग्याला एसटीच्या किंवा ओळखीच्या जीपच्या हाती पिशवी जाते. वाढदिवसाच्या परतभेटींची मागणी तर बहुतेक अशीच येते : "तीस लेकरं, प्रत्येकी पन्नासच्या आत, उद्या पाहिजे." उद्या पाहिजे म्हटलं की ऑनलाइन मागे पडतं. मोठ्या शहरांत काही मिनिटांत माल पोचवणारी अॅप आली आहेत. ती आपल्याकडे रुळली तर हा फायदाही कमी होईल, हे धरून चाला.

खेळणं खराब निघालं तर?

बिल जपा, मग ते कागदाचं असो की मोबाइलवरचं. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं बिलावर छापलं म्हणून दुकानदार सुटत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार पद्धत ठरते. मन बदललं म्हणून परत, हे मात्र त्यात बसत नाही.

ऑनलाइन विक्रीला २०२० चे वेगळे नियम आहेत. विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला हे दाखवावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. दाद मिळाली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

उधार मिळेल का?

ओळखीच्या शिक्षकांना आणि अंगणवाडीच्या ताईंना मिळतं. बाकी नाही.

नवीन दुकान काढायचं आहे. कुठून सुरुवात करू?

आधी दुसऱ्याच्या दुकानात एक दिवाळी आणि एक उन्हाळ्याची सुट्टी काम करा. माल भरताना सुरुवातीची बरीच रक्कम दोनशेच्या आतल्या वस्तूंत घाला, कारण त्या लवकर फिरतात. महाग माल एकेक नग ठेवा, गेला की दुसरा आणा. सॉफ्ट टॉय कमी भरा, लातूरच्या धुळीत पांढरा टेडी महिन्याभरात करडा होतो. खेळण्यांसोबत वह्या, रंग, कंपासपेटी ठेवली तर जून-जुलै निघतो. कर्ज काढायचंच असेल तर बँकेचं काढा आणि दिवाळीच्या विक्रीवर भरवसा ठेवून काढू नका. खुणेशिवायचा माल स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, एका छाप्यात सगळं जाईल आणि त्याआधी एखाद्या लेकराला इजा होईल. आणि दुकानात फरशीवर चार बाय चार फूट जागा मोकळी सोडा, जिथे लेकरू बसून खेळू शकेल. त्या जागेवर एक कपाट जास्त बसलं असतं, असं तुम्हाला सगळे सांगतील. ऐकू नका.

तुटलेलं, बंद पडलेलं खेळणं दुरुस्त करता का? ऑनलाइन घेतलेलं असलं तरी?

करतो, कुठूनही घेतलेलं असो. सेलवर चालणारी बरीच खेळणी बिघडलेली नसतातच. सेल आतच राहून पाझरतात आणि पितळी पट्टीवर पांढरा-हिरवट थर चढतो. घरीही करून बघता येईल : सेल काढा, कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस लावून पट्टी पुसा, कोरड्या फडक्याने घासा, बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि नवीन सेल घाला. तो थर उघड्या बोटाने खरवडू नका आणि लेकराला जवळ बसवू नका. तरीही चालू झालं नाही तर वायर सुटलेली असते, ती डाग देऊन जोडावी लागते. त्याचे वीस-तीस रुपये घेतो. मोटार जळली असेल तर तसं सांगतो. खेळणं सकाळी आणून दिलंत तर बहुतेक वेळा संध्याकाळी मिळतं, फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी आणू नका.